प्रोस्टेटचं रोबोटिक ऑपरेशन सांगितलंय? आधी किती ग्रॅमचं आहे ते विचारा

साठीच्या पुढे घरातल्या कुणा ना कुणाला हे लागतंच. रात्रीतून चार चार वेळा उठणं, बाथरूममध्ये उभं राहून धार सुरू व्हायची वाट बघणं, एसटीने लांब जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद, आणि हे सगळं कुणाला सांगायचं नाही, "आता वयच झालं" म्हणून रेटायचं. मग एका रात्री लघवी तुंबते, धावपळ करून नळी टाकावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणतात की रोबोटिक करून घेऊ. घरचे तिथेच हबकतात, एक तर खर्चाचा आकडा ऐकून, आणि दुसरं म्हणजे ऑपरेशन माणूस करणार का मशीन करणार हे कळत नाही म्हणून.

मी डॉक्टर नाही, पण सासऱ्यांचं रोबोटने आणि थोरल्या काकांचं दुर्बिणीने, अशी दोन्ही ऑपरेशनं जवळून बघितलीत, फायली मीच सांभाळायचो, त्यामुळे आता सोसायटीतले लोक जिन्यात थांबवून विचारतात. या भानगडीत पहिल्यांदाच पडणाऱ्यांसाठी म्हणून क्रमाने लिहितोय.

पायरी १: ऑपरेशन खरंच लागतंय का

वाढलेलं प्रोस्टेट म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी घरातल्या बायकांना आणि स्वतः पेशंटला नीट सांगा, कारण निम्मी भीती तिथेच असते. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती बसलेली असते, वयाप्रमाणे ती आतून फुगते आणि नळी आवळली जाते, एवढाच प्रकार. आणि ती मोठी दिसली म्हणून ऑपरेशन करायचं नसतं. ८० ग्रॅमचं प्रोस्टेट घेऊन मजेत फिरणारे लोक आहेत आणि ३५ ग्रॅमवाले रात्रभर जागे असतात.

त्रास किती आहे ते मोजायला डॉक्टर एक ७ प्रश्नांचा फॉर्म देतात, आयपीएसएस म्हणतात त्याला, एकूण मार्क ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० किंवा त्यावर म्हणजे त्रास भारी. हा फॉर्म पेशंटलाच भरू द्या, बायको शेजारी असली तर उत्तम, कारण रात्री किती वेळा उठतात ते तिलाच खरं माहीत असतं.

बहुतेकांना आधी गोळ्याच देतात. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन या जातीच्या गोळ्या नळी सैल करतात, काही दिवसांतच फरक कळतो, पण अंथरुणातून झटकन उठलं की चक्कर येऊ शकते. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, बुबुळ ढिलं पडतं त्याने. दुसरी जात फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड, यांनी प्रोस्टेट थोडं आटतं पण सहा महिने तरी धीर धरावा लागतो, महिन्याभरात "गुण नाही" म्हणून बंद करणारेच जास्त.

ऑपरेशन टाळू नये अशी कारणं वेगळी आहेत: तुंबल्यावर टाकलेली नळी काढली की पुन्हा पुन्हा लघवी तुंबणं, मूत्राशयात खडे, वारंवार इन्फेक्शन, प्रोस्टेटमधून सारखं रक्त जाणं, किंवा मागे दाब येऊन किडनीला सूज आणि क्रिएटिनिन वाढणं. यातलं काही असेल तर "अजून एक सहा महिने बघू" करायचं नाही. आणि गोळ्या घेऊनही जगणं नकोसं झालं असेल तर तेही पुरेसं कारण आहे, त्यात लाजायचं काही नाही.

जाता जाता एक सांगतो, ऑपरेशनचं ठरवण्याआधी बाकीच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. शुगरची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीतूनच बाहेर काढतात, म्हणजे लघवी वाढणारच. आणि मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडकते, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, तरी कुणी सांगत नाही.

पायरी २: टेस्ट, आणि त्या नीट करून घेणं

सोनोग्राफी पोट भरून पाणी पिऊन करायची, मग लघवी करून यायचं आणि परत बघायचं की आत किती उरली. हा उरलेल्या लघवीचा आकडा रिपोर्टमध्ये आलाच पाहिजे, नसेल तर तिथेच विचारा. प्रोस्टेटचा आकार रिपोर्टमध्ये ग्रॅम किंवा सीसी असा लिहितात, दोन्ही जवळपास एकच. नुसतं "ग्रेड २" लिहून दिलं असेल तर त्यावर ऑपरेशन ठरत नाही, आकडा मागा.

युरोफ्लो म्हणजे एका नरसाळ्यात लघवी करायची, खाली मशीन धारेचा वेग कागदावर काढतं. ऐकायला सोपं, पण बाहेर दहा माणसं रांगेत असताना आणि ब्रदर दारावर टकटक करत असताना धार येत नाही कुणाची. १५० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर त्या ग्राफवर विसंबता येत नाही, म्हणून घाई न करता, जोराची लागल्यावरच जायचं, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी परत करायची. सर्वात जास्त वेग सेकंदाला १० मिलीच्या खाली असला तर अडथळ्याचा संशय बळावतो. पण इथे एक मेख आहे. धार बारीक असण्याचं कारण प्रोस्टेट असेल असंच नाही, मूत्राशयाचा स्नायूच थकलेला असू शकतो, विशेषतः जुना डायबेटिस, पार्किन्सन, मणक्याचा त्रास असलेल्यांत. अशांचं प्रोस्टेट कितीही छान काढलं तरी लघवी हवी तशी होत नाही आणि मग सगळे सर्जनला शिव्या घालतात. अशा पेशंटला युरोडायनॅमिक टेस्ट, म्हणजे मूत्राशयाचा जोर मोजायची तपासणी, सांगितली तर ती पैसे काढायला सांगितलीय असं समजू नका.

पीएसए ही रक्ताची टेस्ट कॅन्सरची शक्यता चाचपायला. नुकतीच नळी टाकली असेल किंवा लघवीत इन्फेक्शन असेल तर आकडा उगाच वाढलेला येतो, तेव्हा घाबरायच्या आधी ते बघा. उलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने चालू असेल तर आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणजे रिपोर्टमध्ये ३ असला तरी तो ६ धरायचा. ही गोळी चालू आहे हे युरोलॉजिस्टला माहीत नसलं तर घोळ होतो. पीएसए जास्त आला तर एमआरआय, लागलं तर बायोप्सी, आणि हे ऑपरेशनच्या आधी. कारण कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच वेगळं असतं.

पायरी ३: आता ग्रॅम

सगळ्या निर्णयाची नाडी इथे आहे, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

साधारण ३० ते ८० ग्रॅमला आपलं जुनं टीयूआरपी, ज्याला लोक दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात, ते आजही उत्तम चालतं. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून प्रोस्टेटचे बारीक काप काढतात, बाहेरून एकही टाका नाही. काकांचं ५० ग्रॅमचं होतं, त्यांचं हेच झालं. ८० च्या वर गेलं की टीयूआरपीला वेळ जास्त लागतो, रक्त जास्त जातं, म्हणून मग तीन वाटा उरतात: होलेप, पोट उघडून, किंवा रोबोटने.

होलेप म्हणजे होल्मियम लेझरने आतली गाठ कवचापासून सोडवून मूत्राशयात ढकलायची आणि तिथे तिचा चुरा करून बाहेर ओढायची. हेही लघवीच्या वाटेनेच, आणि याला आकाराची तशी मर्यादा नाही. पोट उघडून करायची पद्धत सगळ्यात जुनी. पीटर फ्रेयर नावाचा आयरिश सर्जन, जो आधी बरीच वर्षं भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता, त्याने १९०० साली लंडनमध्ये मूत्राशयातून शिरून हे करायला सुरुवात केली, आणि १९४५ मध्ये टेरेन्स मिलिनने मूत्राशय न उघडता थेट प्रोस्टेटचं कवच उघडायची रीत काढली. रोबोट आज पोटात शिरून जे करतो ते मुळात या दोघांचंच ऑपरेशन आहे, फक्त लहान भोकांतून. २००८ मध्ये व्हेनेझुएलातल्या रेने सोतेलो आणि त्यांच्या टीमने रोबोटने असं केल्याचं पहिल्यांदा छापून आलं.

तेव्हा १०० ग्रॅमच्या आसपास किंवा वर असेल तर रोबोटचा विचार रास्त आहे. सोबत मूत्राशयात मोठे खडे असतील, मूत्राशयाला बाहेर पिशवीसारखा फुगवटा आला असेल, किंवा खुबे आखडल्यामुळे पाय फाकवून दुर्बिणीच्या टेबलावर झोपताच येत नसेल, तर रोबोटचा फायदा आणखी स्पष्ट, एकाच वेळी सगळं आटपतं. पण ४५ ग्रॅमला कुणी पोटातून रोबोटिक सांगत असेल तर शांतपणे फाइल घ्या आणि दुसरं ओपिनियन घ्या. माझं स्पष्ट मत आहे, हॉस्पिटलमध्ये मशीन नवीन आलंय हे काही पेशंटच्या ऑपरेशनचं कारण होत नाही.

मोठ्या प्रोस्टेटला होलेप का रोबोट, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. धार दोन्हीत छान सुटते. होलेपमध्ये नळी लवकर निघते आणि घरी लवकर जाता येतं, पण ते शिकायला सर्जनला फार वेळ लागतो, सगळीकडे चांगला हात मिळत नाही. म्हणून तुमच्या शहरात कोणाचा हात कशावर बसलाय यावर ठरवा, मशीनच्या नावावर नको.

पायरी ४: "रोबोटिक" म्हणजे नक्की कोणतं

हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात.

पहिली म्हणजे पोटातून. दा विंची हे मशीन सगळ्यात माहितीतलं, आता मेडट्रॉनिकचं ह्यूगो आणि गुरुग्रामला बनणारं एसएसआय मंत्रा पण आलंय. पोटावर पाच-सहा छोटी भोकं, बहुतेक सेंटिमीटरच्या आतली, पोटात कार्बन डायऑक्साइड गॅस भरतात, डोक्याकडची बाजू खाली आणि पाय वर. सर्जन त्याच खोलीत थोडं बाजूला कन्सोलवर बसून डोळे आत घालून सगळं मोठं आणि थ्रीडी बघतो, त्याची बोटं हलतात तशी आतली अवजारं हलतात. मशीन स्वतःहून एक टाकाही घालत नाही. दुसरा डॉक्टर पेशंटच्या शेजारी उभा असतो, अवजारं बदलायला, रक्त ओढायला. संत्र्याचं साल जागेवर ठेवून आतला गर सोलून काढावा तसं कवच ठेवून गाठ काढतात. आमच्या सासूबाईंनी सर्जनला विचारलेलं, एवढी मोठी गाठ एवढ्याशा भोकातून बाहेर कशी येणार? गाठ आतच एका पिशवीत टाकतात आणि बेंबीजवळचं भोक काही सेंटिमीटर वाढवून पिशवी ओढून घेतात. म्हणून तिथला टाका बाकीच्यांपेक्षा मोठा असतो आणि जास्त दुखतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याच्या झोताचं, ॲक्वाब्लेशन. यात पोटाला हात नाही. लघवीच्या वाटेने एक नळी आत, गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब, स्क्रीनवर सर्जन कुठून कुठपर्यंत कापायचं ते आखतो आणि मग मशीन जोराच्या सलाइनच्या धारेने तेवढाच भाग उडवतं, प्रत्यक्ष कापणं काही मिनिटांचंच. अमेरिकेत याला २०१७ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. उष्णता नसल्याने वीर्य बाहेर येणं जास्त टिकतं, ३० ते ८० ग्रॅमच्या पेशंटमध्ये टीयूआरपीशी तुलना केली तेव्हा वीर्य बंद होणं टीयूआरपीत शंभरात ३६ जणांना आणि यात १० जणांना झालं. रक्तस्रावाकडे मात्र यात नीट लक्ष ठेवावं लागतं. तुम्हाला सांगितलंय ते यापैकी कोणतं, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून टाका.

आणि तिसराही गोंधळ आहे. शेजारच्या कुणाचं "रोबोटिक प्रोस्टेट" झालं आणि त्यांना नंतर लघवी गळायला लागली असं ऐकून लोक घाबरतात, ते बहुतेक वेळा कॅन्सरचं ऑपरेशन असतं, त्यात अख्खं प्रोस्टेट कवचासकट काढतात. त्याचा आणि आपल्या ऑपरेशनचा हिशेब एक नाही.

पायरी ५: सर्जनला विचारायचं ते

हेच ऑपरेशन, म्हणजे वाढीचं, कॅन्सरचं नव्हे, तुम्ही रोबोटने किती केलीत? रक्त चढवायची वेळ किती जणांवर येते? पोट उघडावं लागलं तर खर्च किती वाढेल? नळी किती दिवस?

आणि संबंधांबद्दल. घरात कुणी हे विचारत नाही, पेशंट तर मुलासमोर मुळीच विचारणार नाही, म्हणून पाच मिनिटं मुलांनी बाहेर जावं. टीयूआरपी, होलेप, पोटातलं रोबोटिक, तिन्हींनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. त्याने अपाय काही नाही, ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही, पण आधी माहीत नसलं तर माणूस उगाच खचतो.

पायरी ६: पैसे आणि मेडिक्लेम

रोबोट महाग पडतो कारण त्याची अवजारं ठरावीक वेळाच वापरता येतात आणि तो खर्च बिलात येतो. एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात रोबोटचा चार्ज, भूल, गाठीची तपासणी, जास्तीचा दिवस हे धरलंय का ते एकेक करून विचारा.

आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची १२ नावांची यादी केली, त्यात रोबोटिक सर्जरी आहे आणि प्रोस्टेटचं ग्रीन किंवा होल्मियम लेझर पण आहे, म्हणजे कंपनी सरसकट "रोबोटिक चालत नाही" म्हणू शकत नाही. पण मर्यादा घालू शकते, आणि बऱ्याच पॉलिसींमध्ये ती बारीक अक्षरात असते. शिवाय वाढलेल्या प्रोस्टेटला पॉलिसी घेतल्यापासून सुरुवातीची वर्ष-दोन वर्षं वेटिंग पिरियड असतो. हे दोन्ही हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे मेडिक्लेमचं काम बघणाऱ्या टेबलावर, ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, ओटीच्या दारात नको. महात्मा फुले योजनेत बसतंय का ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे पॅकेजच्या नावानिशी विचारा.

पायरी ७: ऑपरेशनच्या आधीचे दिवस

रक्त पातळ करायच्या गोळ्या, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, कधी बंद करायच्या ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन दोघांनी मिळून सांगायचं. स्टेंट असेल तर मनाने एक दिवसही बंद करू नका. वर सांगितलेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, भूलतज्ज्ञाला नाव दाखवा. डोळ्यांचा काचबिंदू, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास हेही त्यांना सांगा, कारण दोन-तीन तास डोकं खाली करून पूर्ण भूल द्यायची असते. लघवीचं कल्चर स्वच्छ पाहिजे, नसेल तर आधी अँटिबायोटिक.

पायरी ८: हॉस्पिटलात

ओटीतून बाहेर आणल्यावर चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसतील, डोकं खाली असल्यामुळे, एक-दोन दिवसांत उतरतं. खांदा दुखतोय म्हणाले तर तो गॅसचा परिणाम. नळीला सलाइनच्या मोठ्या बाटल्या लावलेल्या असतात, एकीकडून पाणी आत जातं, दुसरीकडून युरो बॅगमध्ये येतं, जेणेकरून आत गुठळी धरू नये. पहिल्या दिवशी पिशवीतला रंग गुलाबी ते लाल असतो आणि बघून नातेवाईकांचं पाणी पाणी होतं, पण रंगापेक्षा प्रवाह बघा. बाटली चालू आहे आणि पिशवीत थेंब येत नाही, पोट फुगतंय, पेशंट कळवळतोय, म्हणजे नळीत गुठळी अडकली, लगेच सिस्टरला हाक मारा. मधूनच जोराची लघवी लागल्यासारखं होऊन नळीच्या बाजूने गळणं हे मात्र मूत्राशयाचं आखडणं असतं, त्याला गोळी मिळते. "आजोबा, कुंथू नका" हे वाक्य वॉर्डातल्या मावशी दिवसभर म्हणत असतात, ते ऐकायचं.

दुसऱ्या दिवशी चालवतात. दोन-तीन दिवसांत बहुतेक घरी सोडतात, नळीसकट.

पायरी ९: नळीसकट घरी

साधारण ५ ते ७ दिवस, कधी थोडी जास्त. नळी मांडीला पट्टीने चिकटवलेली पाहिजे, लोंबकळत ठेवली की टोकाला ओढ बसून जखम होते. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीवर ठेवायची नाही, आणि पूर्ण भरायच्या आत रिकामी करायची. लुंगी किंवा सैल पायजमा बरा पडतो. पाणी भरपूर, इसबगोल रोज, कारण बद्धकोष्ठात कुंथलं की रक्त सुरू होतं. रक्त थांबलेलं असतं आणि दहा-पंधरा दिवसांनी लघवी अचानक परत लाल होते, हे होऊ शकतं, पाणी वाढवून आणि पडून राहून बहुतेक वेळा थांबतं. मात्र गुठळ्या पडल्या, लघवी अडली, थंडी वाजून ताप आला, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर फोनवर न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं. स्कूटर, गॅस सिलिंडर, पाण्याच्या बादल्या, नातवाला उचलणं, सगळं चार ते सहा आठवडे बंद.

नळी काढल्यावर धार एकदम मोकळी होते आणि घरात सणासारखं वातावरण असतं. पण सोबत घाईची लागणं, जाईपर्यंत दोन थेंब गळणं हे काही आठवडे, कधी दोन-तीन महिने चालतं. लघवी अडवण्याचे व्यायाम, म्हणजे खालचे स्नायू आवळून धरणं, फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. रात्रीचं उठणं मात्र सगळ्यात शेवटी कमी होतं, आणि कधी कधी पूर्ण जात नाही.

पायरी १०: गाठीचा रिपोर्ट

काढलेली गाठ तपासणीला गेलेली असते आणि तिचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर येतो, त्यामुळे तो आणायला लोक विसरतात. विसरू नका, कारण कधीकधी त्यात लपलेला कॅन्सर सापडतो. कवच अजून आतच आहे, म्हणून ऑपरेशननंतरही पीएसए बघत राहावं लागतं. तीनेक महिन्यांनी केलेल्या टेस्टमध्ये आकडा आधीपेक्षा बराच खाली आलेला असतो, तो फाइलच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक रिपोर्टची तुलना त्याच्याशी करायची आहे, लॅबच्या छापील मर्यादेशी नाही.